जुना कॉम्प्युटर नेमका कुठे अडतो

जुना कॉम्प्युटर ‘गेला’ असे म्हणण्याची आपल्याकडे फार घाई होते. साउंड कार्ड बसवले की माउस थिजतो. हार्ड डिस्क ओळखण्याच्या टप्प्यावर पडदा गोठतो. ४० जीबीची डिस्क लावली, तर ८ जीबीच दिसते. दुकानात नेला, तर बोर्ड बदला नाहीतर नवाच घ्या, असा सल्ला मिळतो. अशा तक्रारींपैकी कितीतरी ठिकाणी एकही सुटा भाग बिघडलेला नसतो. एक तर दोन कार्डे एकाच क्रमांकावर हक्क सांगत असतात, किंवा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, लिहिताना एखाद्या संख्येसाठी जेवढे बिट राखून ठेवले तेवढे आता पुरत नसतात. पहिला प्रकार तंट्याचा, दुसरा हद्दीचा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, पण निदान एकाच गोष्टीपासून सुरू होते: यंत्र कोणत्या आकड्यापाशी अडले, ते नीट पाहायचे.

हा प्रश्न जुन्या वस्तू जमवणाऱ्या हौशी मंडळींपुरता नाही. कारखान्यातले मोजमापाचे यंत्र किंवा प्रयोगशाळेतले एखादे उपकरण अजून चांगले चालत असते. त्याला जोडलेला कॉम्प्युटर मात्र डॉसवर असतो, कारण यंत्राचे कार्ड आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसते आणि त्याचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी कोणी लिहिलेलाच नसतो. अशा ठिकाणी कॉम्प्युटर भंगारात काढला की सोबत धडधाकट यंत्रही निकामी होते. मराठीशी जवळचे उदाहरण पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाचे. तेही स्लॉटमध्ये बसवायचे कार्ड होते, आणि त्याच्यामुळे डॉसच्या साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटू लागली. ती व्यवस्था जशी होती तशी आज चालवून पाहायची असेल, तर कार्ड, स्लॉट आणि त्या कार्डाला मानवणारा बोर्ड, तिन्ही शाबूत लागतात.

आधी तंट्यांकडे पाहू. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात इंटेलची ८२५९ ही चिप होती. एखाद्या उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष हवे असेल, तर ते आपल्या ठरलेल्या तारेवर इशारा देते आणि प्रोसेसर हातातले काम थांबवून तिकडे वळतो. हीच आयआरक्यूची तार. त्या चिपवर अशा आठ तारा होत्या. १९८४च्या पीसी एटीमध्ये दुसरी ८२५९ आली आणि ती पहिलीच्या दोन क्रमांकाच्या तारेला जोडली गेली. म्हणून सोळापैकी पंधराच हाती राहिल्या, आणि जुन्या कार्डाने दोन क्रमांक मागितला तर त्याला नऊ मिळू लागला. यांतल्या बऱ्याच पहिल्यापासूनच अडलेल्या. शून्यावर टायमर, एकवर कीबोर्ड, तीन आणि चारवर सीरियल पोर्ट, सहावर फ्लॉपी, सातवर प्रिंटर, आठवर घड्याळ, बारावर पीएस/२ माउस, तेरावर गणिती प्रोसेसर, चौदा आणि पंधरावर हार्ड डिस्क व सीडी. नव्या कार्डासाठी खऱ्या अर्थाने मोकळ्या म्हणाव्यात अशा पाच, दहा आणि अकरा. नऊ कधी मिळते, कधी नाही.

आयसा बसवर तारेवरचा इशारा एका क्षणाच्या उसळीने ओळखला जातो. दोन कार्डांनी एकच तार धरली, तर एकाची उसळी दुसऱ्याच्या इशाऱ्यात हरवते. म्हणून वाटून घेणे या बसवर जवळपास अशक्यच. पीसीआयवर तार ओढलेली असेपर्यंत इशारा चालू धरला जातो, त्यामुळे एकाचे काम झाल्यावरही दुसऱ्याची मागणी शिल्लक दिसते आणि वाटणी जमते. हा फरक ध्यानात असला, तर ‘दोन उपकरणांचा आयआरक्यू एकच दिसतोय’ हे वाचून लगेच दचकायचे कारण उरत नाही. पीसीआयवर ते चालते. आयसावर तोच दोष असतो.

आपल्याकडे हा तंटा घराघरांत पोहोचला तो मोडेममुळे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरी आतले मोडेम कार्ड आले. माउस असायचा कॉम-१ या सीरियल पोर्टवर. मोडेम कॉम-३वर बसवला जायचा, कारण कॉम-३ मोकळा ‘दिसायचा’. त्याचा पत्ता खरोखर वेगळा, ३ई८. पण आयआरक्यू कॉम-१चाच, म्हणजे चार. मोडेम नुसता बसलेला असेपर्यंत सगळे सुरळीत चाले. नंबर फिरवला की माउस जागीच थांबे. कॉम-२ आणि कॉम-४ यांचीही अशीच जोडी, तीन क्रमांकावर. यावर सर्वांत स्वच्छ उपाय असा: बायोसच्या सेटअपमध्ये बोर्डावरचा कॉम-२ बंद करायचा, आणि मोडेमलाच जम्परने कॉम-२ करून तीन क्रमांक द्यायचा. जी सोय वापरात नाही ती बंद करून तिची तार मोकळी करणे, ही युक्ती पुढेही वारंवार लागते. प्रिंटर नसेल तर पॅरलल पोर्ट, सीडी नसेल तर दुसरी आयडीई वाहिनी, असे काहीही सोडवून घेता येते. मराठी डीटीपीची काही सॉफ्टवेअरे मात्र आपले कुलूप त्याच प्रिंटर पोर्टावर शोधत. तिथे पोर्ट बंद केला तर सॉफ्टवेअरच उघडत नाही.

तारांपेक्षा फसवे भांडण पत्त्यांचे. प्रत्येक कार्ड काही इनपुट-आउटपुट पत्ते अडवून बसते, आणि दोन कार्डांनी तेच पत्ते घेतले की एकाच गट नंबरचे दोन सातबारे निघाल्यासारखी गत होते. इथे घोळ बहुधा सुरुवातीच्या पत्त्यापेक्षा लांबीचा असतो. एनई-२००० जातीचे नेटवर्क कार्ड ३२ पत्ते घेते. ते ३६० या पत्त्यावर बसवले तर कागदावर प्रिंटरच्या ३७८पासून चांगले दूर वाटते. हे आकडे षोडशमान पद्धतीचे असल्याने ३६०पासूनचे ३२ पत्ते ३७एफपर्यंत जातात आणि प्रिंटर पोर्ट त्यांच्या पोटात येतो. याहून गहन प्रकार कॉम-४चा. त्याचा पत्ता २ई८, आणि एस-३च्या बऱ्याच ग्राफिक्स कार्डांशी त्याचे जमत नाही. त्या कार्डांची काही रजिस्टरे ४२ई८, ८२ई८ अशा पत्त्यांवर असतात आणि वरवर पाहता संबंध काहीच नाही. पण आयसाची अनेक कार्डे पत्त्याचे खालचे दहाच बिट वाचतात, आणि दहा बिटांत पाहिले तर हे सगळे पत्ते २ई८च ठरतात. पडद्यावरची रेघ बदलली की कॉम-४वरच्या मोडेमला आपल्याशीच कोणी बोलल्यासारखे वाटते. हे माहीत नसेल, तर माणूस चांगली कार्डे बदलत राहतो.

साउंड कार्डाला तार, पत्ता आणि डीएमए वाहिनी (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी देवाणघेवाण करण्याची) अशा तिन्ही गोष्टी लागतात, म्हणून शिकायला त्याच्याइतके चांगले कार्ड नाही. साउंड ब्लास्टरची ओळख डॉसला ‘सेट ब्लास्टर’ या एका ओळीत करून दिलेली असते: ए२२०, आय५, डी१. पत्ता चुकीचा असेल तर खेळाला कार्ड सापडतच नाही. पत्ता बरोबर पण आयआरक्यू चुकीचा असेल, तर आवाजाचा पहिला तुकडा वाजतो आणि तिथेच अडतो, किंवा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. तुकडा संपल्याची वर्दी प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पुढचा येत नाही. डीएमए चुकला तर शांतता, खरखर किंवा सरळ हँग. तीन चुका, तीन वेगळी लक्षणे. कानाने निदान करता येते ते असे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. पेंटियमचा बोर्ड, डॉस, मोजमापाचे आयसा कार्ड ३०० या पत्त्यावर, सगळे व्यवस्थित. मालकाला अहवाल दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवेत, म्हणून एनई-२००० जातीचे नेटवर्क कार्ड बसवले आणि मोजणीत मधूनच भलते आकडे येऊ लागले. इथे पहिली कृती म्हणजे वही घेणे. मशीन बंद करायचे, वायर काढायची, आणि प्रत्येक कार्डावरचे जम्पर जसे आहेत तसे चितारून घ्यायचे. मग नेटवर्क कार्ड काढून मशीन चालू करायचे. मोजणी सुधारली, तर तंटा आहे हे ठरले. नाही सुधारली, तर दोष दुसरीकडे. सुधारली असे धरू. या जातीच्या कार्डांचा नेहमीचा मूळ पत्ता ३०० आणि आयआरक्यू तीन. म्हणजे पत्त्यावरून मोजमापाच्या कार्डाशी भांडण, आणि तारेवरून कॉम-२शी. मोजमापाच्या कार्डाला हात लावायचा नाही, कारण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्ता आत गाडलेला असू शकतो. हलवायचे ते नेटवर्क कार्ड: जम्पर असतील तर जम्परने, नसतील तर त्याच्या फ्लॉपीवरच्या सेटअप प्रोग्रॅमने ३४० आणि दहा. त्यानंतर ड्रायव्हरच्या फाइलीतही तेच आकडे लिहायचे. हे राहून जाते, आणि कार्ड बरोबर असूनही नेटवर्क चालत नाही. काही नेटवर्क कार्डे वरच्या मेमरीतला तुकडाही वापरतात; तिथे डॉसचा ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम त्याच तुकड्यावर डल्ला मारतो, म्हणून कॉन्फिग फाइलीत ‘एक्स=डी०००-डी३एफएफ’ असे लिहून तो भाग वगळावा लागतो.

डॉसबरोबर आलेला एमएसडी हा तपासणीचा प्रोग्रॅम अशा वेळी हाताशी असतो, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. जुने आयसा कार्ड आपण कोणती तार धरली हे कुणालाच सांगत नाही, त्यामुळे यादीत ‘मोकळी’ दिसणारी तार खरोखर मोकळी असेलच असे नाही. जम्पर पाहून लिहिलेली वही जास्त खरी.

प्लग अँड प्ले आले ते ही वही संपवण्यासाठी. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने १९९३मध्ये आयसासाठीचे त्याचे मानक मांडले, पीसीआय १९९२पासून होतेच, आणि २४ ऑगस्ट १९९५च्या विंडोज ९५ने डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे उद्गारचिन्ह आपल्या ओळखीचे केले. कल्पना उत्तम होती. पण तो संक्रमणाचा काळ सर्वांत त्रासाचा ठरला, कारण एकाच बोर्डावर पत्ता सांगणारी कार्डे आणि न सांगणारी कार्डे शेजारी शेजारी बसली. बायोसला मुकी कार्डे दिसत नाहीत. त्यांची तार तो नव्या कार्डाला देऊन मोकळा होतो. म्हणून सेटअपमध्ये त्या क्रमांकासमोर ‘लेगसी आयसा’ असे स्वतः लिहून ठेवावे लागते. हा पर्याय पाहिलेलाच नाही, असे दुरुस्तीवाले मला बरेच भेटतात. त्याच पानावर ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ असतो. जुनी वाटणी बायोसने एका तक्त्यात जपून ठेवलेली असते; कार्ड काढले तरी तक्त्यात त्याची जागा राहू शकते, ती या पर्यायाने पुसली जाते. विंडोज ९८मध्ये असाच कचरा सेफ मोडमध्ये दिसतो: काढून टाकलेल्या कार्डांची भुते डिव्हाइस मॅनेजरमध्ये रांगेने उभी असतात. ती सगळी काढावीत आणि मशीनला पुन्हा नव्याने शोधू द्यावे.

पीसीआय कार्डाला जम्पर नसतो. त्याचा स्लॉट हाच त्याचा जम्पर. बोर्डावर चार तारा स्लॉटांत फिरवून जोडलेल्या असतात, आणि बऱ्याच बोर्डांवर एजीपीच्या शेजारचा स्लॉट ग्राफिक्स कार्डाबरोबरच तार वाटून घेतो. आवाज मधूनच तुटत असेल, तर साउंड कार्ड दोन स्लॉट खाली हलवणे हा खराखुरा तांत्रिक उपाय आहे. मशीन चालू होताना शेवटी येणारा उपकरणांचा तक्ता पॉझची कळ दाबून थांबवावा आणि आयआरक्यूचा रकाना उतरवून घ्यावा; हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर. विंडोज एक्सपीत एसीपीआय चालू असेल तर सगळीच पीसीआय उपकरणे नऊ क्रमांकावर दिसू शकतात. ते त्या व्यवस्थेचेच स्वरूप आहे, दोष नव्हे. लिनक्सवर ‘/प्रोक’मधल्या ‘इंटरप्ट्स’ नावाच्या फाइलीत प्रत्येक तारेवर किती वेळा हाक आली तेही कळते, आणि एखादा आकडा शून्यावरून हलतच नसेल तर बाकी तपासणी तिथूनच सुरू करावी.

सगळेच तंटे मात्र तारांचे नसतात. २००१ साली व्हीआयएच्या ६८६बी चिपसेटच्या बोर्डांवर साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड असताना डिस्कवरच्या फाइली खराब होत, हे प्रकरण गाजले. आयआरक्यू कितीही बदलले तरी उपयोग नव्हता. गडबड पीसीआय बसवरून माहिती नेण्याच्या पद्धतीत होती आणि तिला बायोस व ड्रायव्हरची दुरुस्तीच लागली. पुढे ८२५९ची जागा घेणाऱ्या एपिकने तारांची संख्या चोवीसवर नेली आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या काळात इशारा तारेऐवजी संदेशाने जाऊ लागला, तेव्हा हा जुना वाद मिटला.

हद्दींचा विषय याहून शिस्तीचा आहे, कारण इथे प्रत्येक लक्षणामागे एक गुणाकार उभा आहे. डिस्कशी बोलण्याची बायोसची जुनी पद्धत इंट-१३ची. तीत सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६. डिस्कच्या आयडीई मानकात वाटणी निराळी: सिलिंडर १६, हेड ४, सेक्टर ८. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ऐसपैस होत्या. एकमेकींशी बोलताना मात्र दोघींतले लहान तेवढेच चालते: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, आणि सेक्टरमागे ५१२ बाइट. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट. हीच ती प्रसिद्ध ५०४ एमबीची भिंत. डिस्कवरच्या चिठ्ठीवर तिलाच ५२८ म्हणत, कारण डिस्कवाले दहा लाखाने भागत आणि बायोस १०,४८,५७६ने. जरूर पडली म्हणून कोणी लहान आकडा निवडला, असे इथे घडलेले नाही. दोन स्वतंत्र निर्णयांच्या बेरजेत जागा हरवली, आणि मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

पुढच्या भिंती ओळखायला सोप्या आहेत. काही बायोस सिलिंडर १२ बिटांतच मोजत, म्हणून २.१ जीबीला अडत. हेड २५५ किंवा २५६ आहेत असे भासवून, म्हणजे सेटअपमधल्या एलबीए पर्यायाने, इंट-१३ची पूर्ण जागा वापरली तरी ती ८.४ जीबीला संपते. त्याहून मोठी डिस्क १६३८३ सिलिंडर असा एकच ठरीव आकडा सांगते, आणि इंट-१३चा विस्तार नसलेला बायोस तिला ८.४वर कापतो. ३३.८ जीबीची भिंत ६५,५३५ सिलिंडरांची. सिलिंडरांचा आकडा १६ बिटांत मावत नाही आणि १९९९पूर्वीचे कित्येक अवॉर्ड बायोस डिस्क ओळखतानाच गोठतात. इथे लोक डिस्क खराब ठरवतात. ती दुसऱ्या मशीनवर लावून पाहिली की चालते.

म्हणून दिसलेल्या आकड्याची वजाबाकी करून पाहण्याची सवय लावावी. विंडोज ९८च्या मूळ एफडिस्कमध्ये ८० जीबीची डिस्क दहा-अकरा जीबीची दिसते. ८० जीबी म्हणजे या प्रोग्रॅमच्या मापाने सुमारे ७६,३०० एमबी. त्यातून ६५,५३६ वजा केले की नेमके तेवढेच उरतात. हा बायोसचा दोष नाही. एफडिस्कचा आकडा ६४ जीबीला पुन्हा शून्यावर येतो, आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी सुधारित एफडिस्क मोफत दिला होता. आकडा कापला गेला की फिरून आला, एवढे कळले की दोषी कोण ते बहुतेक कळते.

सर्वांत घातक भिंत १३७ जीबीची. २८ बिटांचा पत्ता, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट. आधीच्या भिंती यंत्राला थांबवतात. ही थांबवत नाही. ४८ बिटांचा पत्ता न कळणाऱ्या व्यवस्थेत मोठी डिस्क वरवर चालते, आणि लिखाण या रेषेपलीकडे गेले की ते डिस्कच्या सुरुवातीला पडू शकते, जिथे विभागांचा तक्ता असतो. विंडोज एक्सपीला पहिला सर्व्हिस पॅक, विंडोज २०००ला तिसरा पॅक आणि रजिस्ट्रीतली एक नोंद, आणि त्याखेरीज बायोसची तयारी, एवढे असल्याशिवाय या रेषेपलीकडे विभाग करू नये. दोन टीबीची पुढची भिंत एमबीआर या जुन्या विभाग-तक्त्याच्या ३२ बिटांची आहे आणि ती जीपीटी या नव्या तक्त्याने सुटते.

उपायांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पहिली पसंती बायोसच्या नव्या आवृत्तीला, ती त्या नेमक्या बोर्डाची मिळत असेल तरच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेल्या मशिनींत नाव नसलेले बोर्ड पुष्कळ. त्यांची ओळख पडद्याच्या तळाशी येणाऱ्या लांबलचक सांकेतिक ओळीवरून पटते. त्या ओळीवरून जुन्या बोर्डांच्या जम्परांची टीएच-९९ ही सूची किंवा ‘द रेट्रो वेब’वरचा संग्रह शोधता येतो. दुसरी पसंती स्वतःचा बायोस असलेल्या पीसीआय आयडीई कार्डाला. फक्त आयसा असेल तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस हा मुक्त प्रोग्रॅम एप्रॉममध्ये भरून नेटवर्क कार्डाच्या बूट-रॉमच्या खोबणीत बसवता येतो. तीस वर्षांपूर्वीचा ४८६ त्याने आजची कॉम्पॅक्ट फ्लॅश निमूट ओळखतो, आणि हे काम ज्यांनी फुकट करून ठेवले त्यांचे उपकार मोठे आहेत. ३२ जीबीला कापणारा डिस्कवरचा जम्पर हा कमी त्रासाचा मार्ग. जागा जाते, पण काम चालते. लिनक्स चालवायचे असेल तर याहून सोपे: ते सुरू झाल्यावर बायोसला विचारतच नाही, म्हणून बूटचा छोटा विभाग डिस्कच्या आरंभी पहिल्या १०२४ सिलिंडरांत ठेवला की उरलेली डिस्क त्याला पूर्ण दिसते.

डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्हसारखी ‘ओव्हरले’ सॉफ्टवेअरे मी सुचवत नाही. ती डिस्कच्या पहिल्या भागात बसून बायोसच्या आधी उत्तर देतात. मशीन रोज चालू असेपर्यंत सगळे ठीक. पण एखाद्याने बूट फ्लॉपी टाकून सुरुवात केली की ती बाजूला पडतात आणि डिस्क कोरी दिसते. मग भला माणूस फॉरमॅट मारतो. अशीच भीती सेटअपमधल्या नॉर्मल, लार्ज आणि एलबीए या तीन पर्यायांची. एका पर्यायाखाली लिहिलेली डिस्क दुसऱ्याखाली वाचली तर विभाग विस्कटलेले दिसतात. अशा वेळी स्कॅनडिस्कला ‘दुरुस्ती’ करू देणे म्हणजे शाबूत माहितीवर हातोडा घालणे. आधी पर्याय बदलून पाहावा.

मेमरीच्या हद्दी थोडक्यात. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटची कॅश पहिल्या ६४ एमबीपुरतीच चालते. १२८ घातले तर विंडोज ९८ वरच्या भागातून मेमरी घेऊ लागते आणि मशीन चक्क मंदावते. ४४०बीएक्सवर सोळा चिपांची २५६ एमबीची पट्टी पूर्ण दिसते आणि आठ चिपांची निम्मीच. म्हणून जुन्या बाजारात पट्टी घेताना दोन्ही बाजूंच्या चिपा मोजाव्यात. १ जानेवारी २००० नंतर काही मशिनी ४ जानेवारी १९८० ही तारीख दाखवू लागल्या. त्यांतल्या बऱ्याच एकदा हाताने तारीख घातल्यावर सुधारल्या. सीडीवरून सुरू होण्याची सोय फिनिक्स आणि आयबीएमच्या १९९५च्या एल टोरिटो मानकाने आली. त्याआधीच्या बोर्डाला फ्लॉपीच लागते, आणि यूएसबीवरून सुरू न होणाऱ्या मशीनला प्लॉपसारखा छोटा बूट मॅनेजर फ्लॉपी किंवा सीडीवरून हात देतो.

तंटा की हद्द हे शोधण्याआधी एक साधी शंका फेडून घ्यावी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर रॅमच्या आणि कार्डांच्या पट्ट्यांवर बुरसट थर चढतो, आणि त्याची लक्षणे हुबेहूब आयआरक्यूच्या भांडणासारखी असतात: कार्ड कधी सापडते, कधी नाही. पट्टी खोडरबराने पुसून बसवण्याची आपल्याकडची रीत इथे रास्त आहे. बोर्डावरचा सेलही पाहावा. सेल उतरला की सेटअप प्रत्येक वेळी पुसला जातो, आपण राखून ठेवलेली तार पुन्हा मोकळी होते आणि कालचा तंटा आज परत येतो. सीआर-२०३२ बदलणे सोपे आहे. ३८६ आणि ४८६ बोर्डांवरची निकेल-कॅडमियमची निळी किंवा हिरवी नळकांडी मात्र फुटून आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खाते. ती चालू असली तरी काढून टाकावी. गळून पडलेला क्षार व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसावा आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी.

आता राहिली निराळ्या प्रकारची हद्द, जी बिटांच्या टंचाईतून आलेली नाही. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मान्य वायफाय कार्डांची यादी असते. जुन्या थिंकपॅडवर यादीबाहेरचे कार्ड बसवले की १८०२ हा क्रमांक येतो आणि मशीन पुढे जातच नाही. तार मोकळी असते, पत्ता मोकळा असतो. विंडोज ११ने २०२१मध्ये टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसरांची अट घातली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. यातली प्रत्येक अट एकसारखी तोलू नये. २४एच२ या आवृत्तीला एसएसई ४.२ची आज्ञावली लागते. ती ज्या प्रोसेसरमध्ये नाही तिथे ती आणता येत नाही, ही खरी हद्द. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर यादीत नाही म्हणून मशीन बाद, हा निर्णय आहे, आणि तो बदलता आला असता. शाळांतून आणि ग्रामपंचायतींतून अशी धडधाकट यंत्रे भंगारात जाताना पाहून मला राग येतो. त्यांच्यावर लिनक्स आजही चांगले चालते, आणि मराठी लिहिण्या-वाचण्यासाठी लागणारे सगळे त्यात आहे.

बायोस फ्लॅश करायची वेळ आलीच, तर ती सर्वांत शेवटी यावी. बायोस पुसला गेला की बोर्ड कसा मुका होतो, हे २६ एप्रिल १९९९ला सीआयएच व्हायरसने अनेकांना दाखवले. म्हणून आधी यूपीएस जोडावा, आहे तो बायोस फ्लॉपीवर उतरवून घ्यावा, आणि चिप खोबणीत बसलेली असेल तर ती काढून प्रोग्रॅमरवर वाचावी. वाचन दोनदा करावे आणि दोन्ही फाइली बाइट न् बाइट ताडून पाहाव्यात. फरक निघाला तर चिपचे पाय पुसून पुन्हा वाचावे. दोन्ही जुळल्या की एक प्रत मशीनबाहेर ठेवावी, आणि मगच नवी आवृत्ती लिहायला घ्यावी.